महाविद्यालयीन वार्षिक अंक : खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

महाविद्यालयाचा वार्षिक अंक ही महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणातील एक दीर्घायुषी संस्था आहे. दरवर्षी तिचे विद्यार्थी संपादक बदलतात. साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागते, लेख-कविता गोळा होतात, अहवाल आणि छायाचित्रे जमतात आणि वर्षअखेरीस अंक विद्यार्थ्यांच्या हाती पडतो. मराठीतील असंख्य लेखकांनी आपले नाव पहिल्यांदा छापलेले पाहिले ते अशाच अंकात. लिहायला शिकवणारी शाळा म्हणून या अंकाचे महत्त्व सर्वमान्य आहे. त्याची दुसरी बाजू मात्र फारशी नोंदवली गेलेली नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांत हा अंक संगणकीय साधनांचीही कार्यशाळा झाला. मराठी टंकलेखन, मजकुराचे संपादन, पानांची मांडणी, छायाचित्रांवरील संस्कार आणि छपाईसाठी फाइल तयार करणे ही कामे हजारो विद्यार्थी अभ्यासक्रमात नव्हे, तर अंक काढता काढता शिकले.

हस्तलिखित आणि भित्तिपत्रक

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांची परंपरा छपाईच्याही आधी हस्ताक्षराशी जोडलेली आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. मुलांनी वाचावे, लिहावे आणि लिहिलेले इतरांसमोर ठेवावे, हा त्यामागचा विचार पुढे शाळाशाळांतील हस्तलिखितांत आणि महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांत टिकून राहिला.

भित्तिपत्रकाला साधने थोडी लागत : ड्रॉइंगचा कागद, बोरू किंवा स्केचपेन, डिंक आणि वळणदार अक्षर असलेला एक विद्यार्थी. तरीही मांडणीचे पहिले धडे तेथेच मिळाले. मथळा किती मोठा असावा, समास किती सोडावा, कविता पानात कोठे बसवावी, एका फलकावर किती मजकूर मावतो, याचा अंदाज हाताने काम करता करता येत असे. ज्यांना अधिक प्रती हव्या असत, ते सायक्लोस्टाइलकडे वळत. मेणाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन यंत्राने किंवा टोकदार लेखणीने अक्षरे उमटवायची आणि यंत्रावर प्रती काढायच्या. स्टेन्सिलवर झालेली चूक दुरुस्त करणे जिकिरीचे असल्याने मजकूर आधी तपासून घेण्याची सवय लागे.

खिळ्यांचा काळ

मुख्य वार्षिक अंक मात्र छापखान्यात होत असे. विद्यार्थ्यांनी कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहिलेले साहित्य प्राध्यापक-संपादक तपासत आणि मुद्रकाकडे देत. कंपोझिटर केसमधले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, एकेक करून स्टिकमध्ये जुळवी. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा कितीतरी अधिक प्रकारचे खिळे लागत. मराठी, हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी असे विभाग असलेला अंक जुळवणे हे छोट्या गावातल्या छापखान्याची परीक्षा पाहणारे काम होते. खिळे मर्यादित असल्याने काही पाने जुळवायची, छापायची, खिळे सोडवून पुन्हा केसमध्ये टाकायचे आणि मग पुढची पाने घ्यायची, अशी रीत असे. छायाचित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. तो महाग पडत असल्याने छायाचित्रे मोजकीच असत आणि बहुधा वेगळ्या आर्ट पेपरवर छापून अंकात घातली जात.

या व्यवस्थेत विद्यार्थी संपादकाच्या वाट्याला एकच तांत्रिक काम येई, ते म्हणजे मुद्रितशोधन. गॅली प्रूफ आले की मूळ प्रतीशी ताडून समासात खुणा करायच्या. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते १८ झाले. हे नियम अनेकांच्या हाडीमाशी खिळले ते व्याकरणाच्या तासापेक्षा अशा प्रुफांवर. पुढचे सगळे, म्हणजे पाने लावणे, फर्मा बांधणे, छपाई आणि बांधणी, छापखान्याच्या आत घडे. विद्यार्थ्याला ते पाहता येई, करता येत नसे.

डीटीपीचे आगमन

हे चित्र बदलले ते डेस्कटॉप पब्लिशिंगमुळे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी बसलेल्या 'डीटीपी'मुळे. आल्डस कंपनीचे पेजमेकर हे पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आले आणि १९९४ मध्ये ते अ‍ॅडोबीकडे गेले. भारतीय भाषांसाठीही याच सुमारास पायाभूत काम चालू होते. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली महाराष्ट्रभरच्या मुद्रकांकडे पोहोचली.

नव्वदच्या दशकात वार्षिक अंक खिळ्यांवरून ऑफसेटवर आला. डीटीपी ऑपरेटर मजकूर टाइप करी, पेजमेकरमध्ये पाने लावी, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढी आणि त्यावरून प्लेट होई. विद्यार्थी संपादकाची जागाही सरकली. छापखान्याच्या दाराशी थांबणारा विद्यार्थी आता ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागला. मथळा एका ओळीत बसत नसेल तर अक्षर दोन पॉइंटांनी कमी करणे, एका पानावर उरलेली दोन ओळींची शेपटी मागच्या पानात सामावणे, कवितेच्या ओळी मध्येच न तोडणे, हे निर्णय पडद्यावर पाहून घेता येऊ लागले. खिळ्यांच्या काळात एक परिच्छेद हलवायला तास जाई; आता चार पर्याय पाहून एक निवडता येत होता. पाहणाऱ्यांतले काही जण पुढे स्वतः माउस हाती घेऊ लागले आणि त्यांतल्या अनेकांना याच कामाने पुढे रोजगार दिला.

या काळाने एक अडचणही मागे ठेवली. डीटीपीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून केलेले होते. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही, पडद्यावर तो मराठी दिसे. कृतीदेव फॉन्टमध्ये रोमन डी, ई आणि वाय ही अक्षरे ओळीने टाइप केली की 'कमल' दिसते. फॉन्ट काढून घेतला की उरतात ती डी, ई आणि वाय. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पहिली वेलांटीही व्यंजनाच्या आधी टाइप करावी लागे, कारण ती आधी दिसते. अशा मजकुरात शब्द शोधता येत नसे, अनुक्रम लावता येत नसे आणि फॉन्ट हरवला की मजकूरही हरवल्यासारखाच होई. त्या दशकातल्या अंकांच्या फ्लॉपी आणि सीडी कपाटांत पडून आहेत. त्यांतल्या मजकुराला आज छापील प्रतीचाच आधार आहे.

संगणक कक्षातील अंक

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणकाची प्राथमिक ओळख पोहोचवली. महाविद्यालयांतही संगणक कक्ष उभे राहत होते. फाइल साठवणे, फोल्डर करणे, मजकूर कापून दुसरीकडे चिकटवणे, एवढे येणारा विद्यार्थी आता प्रत्येक वर्गात होता. तो अंकाच्या कामात आला की या सुट्या कौशल्यांना एक हेतू मिळे. तक्ता करायला शिकणे वेगळे आणि आलेल्या सव्वाशे लेखांची नोंद ठेवण्यासाठी तक्ता करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात लेखकाचे नाव, वर्ग, साहित्यप्रकार, शब्दसंख्या, कोणी तपासले आणि निर्णय काय, हे रकाने गरजेतून सुचतात आणि म्हणून लक्षात राहतात. अंकाच्या कामातून झालेल्या शिक्षणाचे बळ यातच आहे. साधन आधी आणि उपयोग मागाहून असा क्रम येथे नसतो. काम समोर असते, मुदत ठरलेली असते आणि चूक झाली तर ती शेकडो वाचकांपुढे छापली जाणार असते.

युनिकोडचे वळण

मराठी मजकुराला स्थिर ओळख दिली ती युनिकोडने. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता आणि त्याची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक मिळाल्याने फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. २००० साली विंडोज २००० बरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल हा फॉन्ट आला आणि सामान्य संगणकावर युनिकोड मराठी लिहिणे शक्य झाले. प्रत्यक्षात ही सवय रुळायला आणखी दहा वर्षे गेली. मोबाइलवरील मराठी कळफलक आले, तेव्हा बहुतेक विद्यार्थी युनिकोडमध्येच लिहू लागले.

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'विद्यार्थी' या शब्दाची साठवण व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी अशी दहा घटकांची असते. पडद्यावर दाखवताना वेलांटी व-च्या आधी जाते, द आणि य यांचे जोडाक्षर होते आणि र-चा रफार होऊन थी-वर चढतो. एखादे सॉफ्टवेअर मराठी नीट हाताळते की नाही हे पाहण्यासाठी हा एक शब्द टाइप करणे पुरेसे आहे. वेलांटी भलतीकडे गेली, हलन्ताचा पाय मोकळा दिसला किंवा रफार जागेवर बसला नाही, तर त्या साधनात अंक लावता येणार नाही.

मराठीच्या खास गरजाही विद्यार्थ्यांना याच कामात कळल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन निराळे शब्द आहेत. दुसऱ्यातील र्‍ह-र्‍य या जोडण्यांतल्यासारखा अर्धा र लिहिण्यासाठी खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि मग य असा क्रम द्यावा लागतो. 'ॲ' या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे, म्हणून अनेक जण अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवत. दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे मानतो आणि शोधताना एक सापडते तेव्हा दुसरे निसटते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि देवनागरीची रूपे निश्चित केली. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह आहे. फॉन्ट निवडताना ही रूपे आहेत का, हे पाहणे म्हणूनच संपादक मंडळाचे काम ठरते. राज्य मराठी विकास संस्थेने दिलेले यशोवेणू आणि यशोमुद्रा, मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त', तसेच तिरो देवनागरी मराठी असे विनामूल्य फॉन्ट आता उपलब्ध आहेत.

मजकुराची ये-जा आणि संपादन

युनिकोड आणि इंटरनेट एकत्र आल्यावर संपादनाची पद्धतच बदलली. साहित्य मागवण्यासाठी ऑनलाइन फॉर्म, लेख तपासण्यासाठी सामायिक दस्तऐवज आणि नोंदींसाठी सामायिक तक्ता ही आजची सर्वसाधारण रचना आहे. सामायिक दस्तऐवजात संपादकाला थेट बदल न करता सूचना नोंदवता येते. लेखक ती मान्य करतो किंवा आपले कारण लिहितो. जुन्या आवृत्त्या जपल्या जात असल्याने चुकून खोडलेला परिच्छेद परत मिळतो. समासात खुणा करण्याची जुनी रीतच येथे नव्या रूपात आली आहे, फरक इतकाच की आता तिच्यात लेखकही सहभागी आहे. आपल्या वाक्यावर दुसऱ्याने घेतलेला आक्षेप समजून घेऊन त्याला उत्तर देणे, हा विद्यार्थी लेखकासाठी मोलाचा धडा ठरतो.

शिस्त नसेल तर हीच सोय गोंधळ वाढवते. 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'खरे अंतिम' अशा नावांच्या फाइलींतून जुनी प्रत छपाईला जाण्याचा धोका असतो. म्हणून अनुभवी संपादक मंडळे फाइलच्या नावात विभाग, लेखकाचे नाव आणि तारीख घालण्याचा नियम सुरुवातीलाच करतात, आणि पाने लावायला घेतल्यावर मूळ दस्तऐवज बदलासाठी बंद करतात.

मांडणी, छायाचित्रे आणि छपाई

पानांच्या मांडणीत युनिकोड उशिरा पोहोचले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. अनेक छापखाने मात्र पेजमेकर आणि श्रीलिपीवरच काम करत राहिले. त्यामुळे विद्यार्थ्यांनी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर परिवर्तकातून श्रीलिपीत नेला जाई आणि या प्रवासात नेमके ऱ्य, ॲ, अवतरणचिन्हे आणि अंक बिघडत. परिवर्तनानंतर पुन्हा संपूर्ण मुद्रितशोधन करावे लागते, ही गोष्ट अनेक अंकांनी चुका छापून गेल्यावर शिकली. अ‍ॅडोबी इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची सोय आली. परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरे नीट बसतात. ज्यांना परवान्याचा खर्च पेलवत नाही त्यांच्यासाठी स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १.५ मालिकेत देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी शक्य झाली. चित्रांसाठी गिंप आणि रेखाटनांसाठी इंकस्केप ही मुक्त साधनेही संगणक कक्षात विनाखर्च बसवता येतात.

मांडणी शिकवताना सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे स्टाइल. मथळा, लेखकाचे नाव, मूळ मजकूर, उतारा आणि चित्रओळ यांच्या स्टाइल एकदा ठरवल्या की शंभर पानांचे मथळे एका बदलाने बदलतात. त्यासोबत मास्टर पान, पृष्ठांक आणि स्तंभांची आखणी आली की अंकाला एकसारखेपण येते. पृष्ठसंख्या चारच्या, शक्यतो सोळाच्या पटीत ठेवावी लागते, कारण छपाई फर्म्याने, म्हणजे एका मोठ्या कागदावर अनेक पाने एकदम, होते. खिळ्यांच्या काळातले हे गणित डिजिटल काळातही तसेच आहे.

छायाचित्रांबाबत तर हा अंक अनेकांचा पहिला शिक्षक ठरला. छपाईला इंचाला सुमारे ३०० बिंदू लागतात. म्हणजे पाच इंच रुंद छायाचित्र किमान १५०० बिंदू रुंद हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते. मोबाइलच्या पडद्यावर चांगले दिसते आणि कागदावर धुरकट उमटते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ दर्जा राहतो. पडद्याचे रंग लाल, हिरवा आणि निळा या प्रकाशातून बनतात. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून होते. म्हणून पडद्यावरचा झळाळता हिरवा कागदावर मंदावतो. मुखपृष्ठाच्या कडेला तीन मिलिमीटर जास्तीचा भाग सोडला नाही, तर कापणीनंतर पांढरी रेघ दिसते. शेवटी पीडीएफ करताना फॉन्ट त्यात अंतर्भूत झाले आहेत का, हे तपासावे लागते.

२०२० नंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि महाविद्यालये बंद पडली. अनेक अंकांची कामे घरूनच पुरी झाली आणि कित्येक अंक फक्त पीडीएफ रूपात निघाले. छपाईचा खर्च नसल्याने रंगीत पानांवरची मर्यादा गेली, लेखाबरोबर ध्वनिफीत किंवा चित्रफितीचा दुवा देणे शक्य झाले आणि अंक गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. याच काळात एक नवी जाणीवही रुजली. खरा युनिकोड मजकूर असलेला अंक दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. पानांची केवळ छायाचित्रे जोडून केलेली पीडीएफ त्याच्यासाठी बंद दार असते. चित्रांना वर्णन देणे आणि मथळ्यांना योग्य स्तर देणे ही त्यामुळे संपादनाचीच कामे ठरली.

साधने सोपी झाली तशी जबाबदारी वाढली. इंटरनेटवर सापडलेले प्रत्येक चित्र छापता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे साहित्यावरचा हक्क टिकतो. परवानगी घेणे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या अटी वाचणे आणि श्रेय देणे हे आता संपादक मंडळाच्या कामाचे भाग आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी २०२२ च्या अखेरीपासून आणखी एक प्रश्न उभा केला आहे. वार्षिक अंक विद्यार्थ्याने स्वतः लिहावे यासाठी असतो; यंत्राकडून लिहून घेतलेला लेख छापला तर तो हेतूच संपतो. मुद्रितशोधनाला किंवा जुन्या अंकाची अक्षरओळख करण्याला या साधनांची मदत घेता येईल. लेखन आणि निवड मात्र विद्यार्थ्यांचीच राहिली पाहिजे.

पुढील काम

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. साधने दर दहा-पंधरा वर्षांनी बदलली. नेमका शब्द निवडणे, काळजीपूर्वक ताडून पाहणे, वाचकाचा विचार करून पान लावणे आणि दुसऱ्याच्या लेखनाचा मान राखणे ही कौशल्ये प्रत्येक टप्प्यावर तीच राहिली, आणि नवे साधन त्यांनाच लवकर आत्मसात झाले ज्यांच्याकडे ही कौशल्ये होती. संपूर्ण अंक मुद्रकाकडे सोपवला तर तो वेळेवर निघतो, पण विद्यार्थ्यांच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने तीन गोष्टी कराव्यात. अंकाचे टंकलेखन, मांडणी आणि मुद्रितशोधन विद्यार्थ्यांकडेच ठेवावे आणि मार्गदर्शनासाठी प्राध्यापकांनी वेळ द्यावा. प्रत्येक अंकाचा युनिकोड मजकूर, मूळ छायाचित्रे, मांडणीची फाइल आणि पीडीएफ ग्रंथालयात नोंद करून जपावी. आणि खिळ्यांच्या व डीटीपीच्या काळातील जुने अंक स्कॅन करून, अक्षरओळख आणि मुद्रितशोधन करून युनिकोडमध्ये आणावेत. हे शेवटचे काम नव्या विद्यार्थी संपादकांना दरवर्षी एक अंक याप्रमाणे दिले, तर त्यांना साधने शिकता येतील आणि महाविद्यालयाला आपला लिखित इतिहास परत मिळेल.